ठिणगीचा तपास

यंदाच्या अंकासाठी ‘दुरुस्ती’ हे सूत्र मुक्रर झाल्यावर संपादकांनी घड्याळे, तंबोरे, पोथ्या, बारवा अशी एक रसाळ यादी माझ्यापुढे ठेवली आणि तीतील जे मनास येईल ते उचलावे अशी मुभा दिली. परंतु बीड जिल्ह्यातील मनुष्याची दुरुस्तीच्या प्रश्नाशी सर्वांत अधिक वेळा गाठ कोठे पडते याचा विचार करू लागलो, तेव्हा त्या यादीत नसलेली मोटारच डोळ्यांपुढे उभी राहिली. परळीकडचा पूर्वेचा कोपरा सोडला तर रेल्वे ही या जिल्ह्यात दीर्घकाळ मागणीपत्रांत आणि निवडणुकीच्या भाषणांतच धावत होती. बीड शहराला तिचे प्रत्यक्ष दर्शन घडले ते 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. 1948 पर्यंत हा मुलूख ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, त्या संस्थानाच्या रेल्वे खात्याने 1932 च्या जून महिन्यात 27 बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली होती, आणि तेव्हापासून आजतागायत येथील लग्ने, कोर्टाच्या तारखा, दवाखाने आणि दिवाळीनंतरची ऊसतोड हे सारे रबरी चाकांवरच चालत आले आहे. अशा ठिकाणी बंद पडलेली मोटार ही नुसती गैरसोय राहत नाही. ती त्या दिवसाचा सारा बेतच रद्द करते.

म्हणून मी बीडच्या बार्शी रोडवरील गॅरेजांत जाऊन बसलो, आणि तेथे येणाऱ्या नाना व्याधींपैकी एकच निवडली: जुन्या पेट्रोल गाडीच्या ठिणगीच्या व्यवस्थेतील एखादा भाग जळतो, तो नवा घातला जातो, काही दिवसांनी तोही जळतो, तोही बदलला जातो, आणि गाडीचा मालक व मिस्त्री हे दोघेही दरवेळी त्या जळालेल्या भागालाच बोल लावून घरी जातात.

गुरुजींची पद्मिनी

मी ज्या गाडीचा तपास जवळून पाहिला ती अंबाजोगाईच्या एका निवृत्त शिक्षकांची प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फिआट 1100 या गाडीच्या वंशात जन्मलेली, 1089 घनसेंटिमीटरच्या इंजिनाची ही मोटार एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्याखेरीज मिळत नसे. आणि एवढ्या प्रतीक्षेने दारात आलेली वस्तू काढून टाकण्यास मन सहसा धजत नाही. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2022 च्या एप्रिलपासून 600 रुपयांवरून 5,000 झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांना ती 10,000 झाली, तरीही गुरुजींनी ती निमूट भरली. त्यांच्या चिरंजिवांचे मत याबाबत निराळे आहे, पण ते पुण्यास असतात.

ही गाडी बीडहून परतताना मांजरसुंब्याचा घाट चढू लागली की धापा टाकी, मिसिंग करी, आणि वळणावर शांत होई. अर्धा-पाऊण तास झाडाखाली काढला की पुन्हा सुरू होऊन केजमार्गे घरी पोहोचे. याशिवाय वर्षभरात तिने चार कॉइली जाळल्या, पाच कंडेन्सर गिळले, आणि सीबी पॉइंट किती बदलले याचा हिशेब तर मालकांना वही उघडल्याखेरीज सांगता येत नव्हता. सुदैवाने वही होती. जन्मभर हजेरीपट लिहिलेल्या माणसाने गाडीचेही दफ्तर ठेवले होते: तारीख, बिघाड, कोठे, काय बदलले, किती दिले. या वहीने पुढे जे काम केले ते कोणत्याही यंत्राने केले नसते.

बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून पुढील तपासातील गंमत कळणार नाही. बॅटरीत असतात बारा व्होल्ट. सिलिंडरात दाबलेल्या पेट्रोलच्या वाफेत प्लगच्या अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या अधिक फटीत ठिणगी उडवण्यास लागतात हजारो व्होल्ट. हे अंतर कसे तोडायचे याचे स्वस्त आणि टिकाऊ उत्तर अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी काढले, आणि मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवलेल्या विद्युत प्रवर्तनाच्या तत्त्वावर उभी असलेली त्याची ही रचना पुढे साठ-सत्तर वर्षे जगभरच्या मोटारींत जवळजवळ तशीच राहिली. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे काहीशे वेढे आणि बारीक तारेचे सुमारे वीस हजार वेढे असतात. जाड तारेतून प्रवाह वाहू द्यायचा, गाभ्यात चुंबकत्व भरू द्यायचे, आणि मग तो प्रवाह अकस्मात तोडायचा. चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेत प्रचंड दाब उपजतो. हा प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे मिस्त्री मंडळी ज्याला ‘डेल्को’ म्हणतात त्याच्या, पोटातील पॉइंट करतात, आणि उपजलेला दाब कोणत्या सिलिंडरला द्यायचा हे त्याच डेल्कोतील फिरता रोटर ठरवतो.

पॉइंट उघडताना प्रवाह मुकाट्याने थांबत नाही. जोरात वाहणाऱ्या पाटाला एकदम फळी घातली तर पाणी जसे उसळून फळीवरून जाऊ पाहते, तसा तो उघडणाऱ्या पॉइंटांमधील फटीतून उडी घेऊ पाहतो. त्या क्षणी त्याला विसाव्याची जागा देणारा जो करंगळीएवढा डबा डेल्कोला लटकलेला असतो तो कंडेन्सर. त्याची धारणशक्ती एक मायक्रोफॅरडच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. तो उघडा पडला तर पॉइंट जळतात आणि ठिणगी मरतुकडी होते. आतून शॉर्ट झाला तर ठिणगीच नाही. इंजिन मिनिटास 3,000 फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांच्या गाडीत हे पॉइंट मिनिटास 6,000 वेळा उघडझाप करतात, आणि ती उघडझाप जेमतेम 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या फटीवर चाललेली असते. इतक्या सूक्ष्म फटीवर चाललेला कारभार बिघडतो यात नवल नाही.

या साखळीतील प्रत्येक कडी दुसरीला जाळू शकते, ही गोष्ट मात्र फारशी कोणी ध्यानात घेत नाही. कॉइल चुकीची असेल तर पॉइंट जळतील. डेल्कोच्या शाफ्टचा बुश झिजला असेल तर फट दर फेऱ्यागणिक बदलेल. प्लगची फट वाढली असेल तर कॉइलला नेहमीहून अधिक दाब उत्पन्न करावा लागेल आणि तो दाब वाट फुटेल तेथून, बहुधा रोटर किंवा कॅपमधून, निसटेल. जळालेला भाग हा या प्रकरणातला फिर्यादी असतो. आपण त्यालाच आरोपी ठरवतो आणि कचऱ्यात फेकतो.

हात, दिवा आणि मीटर

ज्यांच्याकडे गुरुजींनी अखेर गाडी आणली त्यांना गॅरेजातील पोरे ‘उस्ताद’ म्हणतात, आणि गुरुजीही तेच म्हणू लागले. गुरुजींनी पिशवीतून नवी कोरी कॉइल काढून पुढे केली, तशी ती त्यांनी न उघडता टपावर ठेवून दिली.

“सर, कॉइल बदलून भागायलं असतं तर चार बदलल्या तेव्हाच भागलं असतं. ही कशामुळं जळायली ते आधी बघू. जुने पार्ट हैत का?”

जुने पार्ट होते. एका बिस्किटाच्या डब्यात, प्रत्येकास दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. उस्तादांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले. त्यांनी पॉइंटचा एक जोड उन्हात धरला. एका टोकावर खड्डा, दुसऱ्यावर त्याच मापाचा उंचवटा, आणि भोवती निळसर काळी झाक. एका बाजूचा धातू उडून दुसरीकडे जाऊन बसला की कंडेन्सरचे माप जुळत नसल्याचा संशय येतो, परंतु ती निळी झाक निराळे सांगत होती: या पॉइंटांतून जरुरीहून कितीतरी अधिक प्रवाह गेला होता.

मग एकेक संशयित बाजूला काढण्याचे काम सुरू झाले, आणि ते पाहताना वेळेचे भान राहू नये इतके ते सुरेख होते. बॅटरीवर मीटर लावून इंजिन आधी मंद, मग जोरात फिरवले. काटा चौदाच्या आसपास स्थिर. म्हणजे अल्टरनेटर आणि कटआउट यांच्यावरचा अतिदाबाचा आरोप खारीज. पोराला सेल्फ मारायला सांगून इंजिनाचे धूड आणि बॅटरीचे ऋण टोक यांत किती व्होल्ट पडतात ते पाहिले, नगण्य. म्हणजे अर्थिंगची पट्टी शाबूत. डेल्कोची कॅप काढून शाफ्टचे टोक चिमटीत धरून हलवले. किंचित खेळ होता. “हाय थोडा, पण येवढ्यानं कॉइल मरत न्हाई,” असे म्हणून त्यांनी कॅमवर ग्रीसचा एक पुसट थर दिला, जो गेल्या कित्येक वेळा पॉइंट बदलणाऱ्यांपैकी एकानेही दिला नव्हता. कॅपच्या आतील बाजूस, पावसाळी दमट हवेत धुळीवरून करंट सरकल्याने उमटतात तशा काळ्या रेघा आहेत का हे बॅटरीच्या झोतात न्याहाळले. नव्हत्या.

मग कॅप पुन्हा बसवून इंजिन काही वेळ चालू ठेवले. आता उस्तादांनी कॉइलवर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला. चालून आलेल्या गाडीची कॉइल कोमट असते, गरमही असते. हात ठेववू नये इतकी तापत नाही. गाडी बंद करून, तारा सोडवून, त्यांनी मीटरच्या दोन्ही सुया प्रथम एकमेकींना टेकवल्या आणि त्या सुयांच्या तारांचा स्वतःचा रोध किती ते पाहून मनात वजा धरला. ही काळजी पदवीधरही घेत नाहीत. मग सुया कॉइलच्या दोन टोकांना लावल्या. दीड ओहम.

“ही कॉइल या गाडीचीच न्हाई,” उस्ताद म्हणाले.

बारा व्होल्टच्या गाड्यांत दोन जातींच्या कॉइली येतात. एकीचा रोध तीन ओहमच्या आसपास असतो आणि ती थेट जोडतात. दुसरीचा त्याच्या निम्मा असतो आणि तिच्या मार्गात एक स्वतंत्र रोधक घातलेला असतो, जो सेल्फ मारताना वगळला जातो, म्हणजे थंडीच्या सकाळी बॅटरी थकली असतानाही ठिणगी जोरकस मिळते. दोघींचे रूप एकच: तसाच नळकांडीसारखा डबा, तशीच दोन टोके, तीच वर तार बसवण्याची जागा. गुरुजींच्या गाडीत तो रोधक नव्हता. दीड ओहमची कॉइल थेट बसल्यामुळे चारऐवजी आठ अँपिअर वाहत होते. पॉइंटांवर दुप्पट प्रवाह, कॉइलमध्ये दुप्पट उष्णता. घाटात गाडी का धापा टाकी आणि थंड झाल्यावर का चाले, याचा उलगडा झाला. दुकानदाराने दिलेली, मिस्त्रीने बसवलेली, मालकाने पैसे मोजून घेतलेली वस्तू अस्सल होती; फक्त ती या गाडीकरिता नव्हती.

वहीतील उन्हाळा

मी टिपण मिटणार होतो. उस्ताद मात्र समाधानी दिसेनात. चुकीची कॉइल तापेल, अडवेल, पॉइंट खाईल, हे खरे. पण मुळात कंपनीची जी कॉइल इतकी वर्षे चालली ती का जळाली, आणि कोणती कॉइल कोणत्या महिन्यात गेली, हा त्यांचा प्रश्न होता. गुरुजींनी वही उघडली.

मूळ कॉइल गेली जुलैत. तिच्या जागी ही दुसरी जात बसली, आणि घाटातील मुक्काम व पॉइंटांचा खप त्यानंतर सुरू झाला. पुढील कॉइली सप्टेंबरात, डिसेंबरात आणि यंदा पुन्हा जूनच्या अखेरीस गेल्या. एप्रिल आणि मे या महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, लग्नसराईसाठी गाडी धारूर, माजलगाव, आष्टी अशी जिल्हाभर हिंडली. घाटात अडली, पॉइंट जळाले, पण कॉइल एकही मेली नाही. उन्हाने कॉइली मरतात हे जे सर्वांचे ठाम मत होते, त्याला वहीने साफ खोटे पाडले.

“उन्हाळ्यात काय करत न्हाई तुम्ही, जे बाकीचं वरीस करता?”

गुरुजी विचारात पडले. उन्हाळ्यात शाळा नसते. गेल्या जूनपासून नातू शाळेत जाऊ लागला होता, आणि त्याला आणण्यास गुरुजी घंटेच्या बरेच आधी जाऊन, सावलीत गाडी लावून, आकाशवाणीचे बीड केंद्र ऐकत बसत. रेडिओ कशावर चालतो? किल्ली फिरवल्यावर. इंजिन? बंद.

उस्तादांनी डॅशबोर्डाखाली डोके घातले. कोणा इलेक्ट्रिशियनाने, रेडिओ चुकून चालू राहून बॅटरी उतरू नये अशा सद्हेतूने, त्याची तार इग्निशनच्या तारेला पिळून दिली होती. किल्ली फिरवली की रेडिओला करंट जाई आणि कॉइललाही. इंजिन थांबताना पॉइंट उघडे राहिले असतील तर काही बिघडत नाही; मिटलेले राहिले असतील, आणि बहुधा ते मिटलेलेच राहतात, तर कॉइलमधून प्रवाह अखंड वाहत राहतो. चालत्या गाडीत त्याला क्षणाक्षणाला खंड पडतो. येथे बातम्या संपून भावगीते सुरू झाली तरी कॉइल भाजतच राहिली होती. तीन ओहमची कॉइल हा छळ काही आठवडे सोसून मेली. तिच्या जागी आलेल्या दीड ओहमच्या कॉइलीही एकामागून एक गेल्या.

म्हणजे पहिला दोष रेडिओच्या तारेचा. आणि त्यावर केलेल्या दुरुस्तीने दुसरा, अधिक मोठा दोष गाडीत आणून बसवला. पाचही कंडेन्सर निरपराध होते.

डबी खरी, माल खोटा

पाच वेळा कंडेन्सर का बदलला, हे विचारले असता उत्तर मिळते: “माल डुप्लिकेट येतोय.” या तक्रारीत तथ्य आहे. बेंगळुरूची मायको, म्हणजे 1951 साली सुरू झालेली आणि आता बॉश नावाने चालणारी कंपनी, किंवा मद्रासेत 1961 साली निघालेली लुकास टीव्हीएस, यांच्या डब्यांचा रंग हुबेहूब उतरवणारे कारागीर आपल्या देशात कमी नाहीत. शिवाय पद्मिनीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या ताफ्यातून ती 30 ऑक्टोबर 2023 पासून नाहीशी झाली, आणि मागणी आटल्यावर चांगला माल काढणाराही हात आखडता घेतो. इंग्लंडमधील जुन्या मॉरिस आणि एमजी बाळगणाऱ्या हौशी मंडळींनीही हीच ओरड केली आहे: स्वस्त रोटरमधील पितळी पट्टी ज्या रिबिटाने बसवतात ती खाली शाफ्टच्या इतकी जवळ जाते की ठिणगी प्लगकडे न जाता प्लास्टिक भेदून शाफ्टमध्ये उतरते. आपली अँबॅसडर मॉरिसच्याच कुळातली, त्यामुळे हा आजार तिलाही ठाऊक आहे.

परंतु नकली मालाच्या या खऱ्या तक्रारीने एक आळस पोसला आहे असे माझे मत झाले. पार्ट गेला की ‘डुप्लिकेट होता’ म्हणावे आणि दुसरा बसवावा. मीटर कपाटातच राहते. मिस्त्रीची मजुरी पार्ट बसवण्याची मिळते, विचार करण्याची मिळत नाही, हेही त्याचे एक कारण आहे, आणि त्याचा दोष मिस्त्रीकडे जात नाही.

शिकणार कोण?

बीड जिल्ह्यात ठिणगीची विद्या दुर्मिळ होण्याचे आणखी एक कारण अगदी स्थानिक आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणारे ट्रॅक्टर, मुकादमांच्या जीपगाड्या, मालट्रक हे सारे डिझेलवर चालतात, आणि डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच; दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. त्या गॅरेजांत वाढलेल्या मुलाने डेल्को उघडून पाहिलेला नसतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेला एक तरुण उस्तादांकडे आहे. तो नव्या गाड्यांना स्कॅनर लावतो.

स्कॅनरविषयी मला आदर आहे, पण तोही नेमके तेच सांगतो जे गुरुजींची गाडी घाटात सांगत होती. पहिल्या सिलिंडरात मिसफायर झाला की पडद्यावर पी 0301 हा आकडा उमटतो, आणि त्या सिलिंडरची कॉइल बदलली जाते. नव्या गाड्यांत दर प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. प्लग झिजून त्याची फट वाढली की कॉइलवर ताण येतो आणि ती मरते. जुना प्लग तसाच ठेवून नवी कॉइल घातली की ती पुन्हा मरते. त्या तरुणाने मला अशा मेलेल्या कॉइलींची एक रासच दाखवली. मांजरसुंब्याच्या घाटात 1089 घनसेंटिमीटरच्या पद्मिनीला जे झाले तेच 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीलाही होते, फक्त बिल अधिक होते.

गुरुजींच्या गाडीत उस्तादांनी भंगारात पडलेल्या एका पद्मिनीची तीन ओहमची कॉइल मोजून बसवली, रेडिओला फ्यूज घालून बॅटरीवरून निराळी तार दिली, पॉइंटची फट फिलर गेजने लावली, आणि टपावरची नवी कॉइल दुकानात परत करण्यास सांगितले. दुकानदाराने ती परत घेतली नाही. तसे बिलावरच छापले होते.

ज्यांच्या दारात अजून पॉइंटची गाडी आहे त्यांना विनंती एवढीच की जळालेला पार्ट फेकू नये. त्याला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी आणि मिस्त्रीकडे जाताना तो बरोबर न्यावा. नवी कॉइल घेताना दुकानातच तिचा रोध मोजून मागावा. मीटर नाही म्हणाले तर दुसऱ्या दुकानात जावे. आणि इंजिन बंद असताना रेडिओ ऐकायचाच असेल, तर त्याची तार कोठे जोडली आहे ते आधी कोणाकडून तरी पाहून घ्यावे.